हॉबिट + लॉर्ड ऑफ द रिंग्ज, चार पुस्तकांचा बॉक्स सेट : घ्यावा का? (आमच्या ग्रुपच्या भांडणांसकट)

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे वाचत बसायला नको. पुस्तक घ्या. हाच खोका घ्या असं नाही म्हणत हं, पुस्तक घ्या म्हणतेय, आणि या दोन गोष्टी वेगळ्या का ते खाली येतंच. पाचपैकी मार्क हवेच असतील तर पुस्तकाला पाच (आमच्यातल्या वकिलीणबाईचे साडेतीन), बांधणीला अडीच आणि नकाशांना एक, तोही दया म्हणून.

खोक्यात जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रजी लेखकाच्या फँटसीचे चार पेपरबॅक येतात, एक हॉबिट आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तीन भाग. आम्ही चौघांनी कॉन्ट्री काढून मेनरोडच्या बाजूच्या एका दुकानात ऑर्डर देऊन मागवला. दुकानातले काका म्हणाले, "ताई, याचा पिक्चर आहे की, मोबाईलवर बघा ना," पण त्यांनी मागवून दिला आणि ऑनलाइनपेक्षा किरकोळच महाग पडला. ऑनलाइन का नाही घेतला, तर गेमरचा (माझा मावसभाऊ, इथे नाव गेमरच ठेवू) आधीचा एक सेट चारी कोपरे चेपून आला होता आणि त्या रिटर्नच्या भानगडीत त्याची दिवाळीची सुट्टी गेली. कुठून मागवलेला ते लिहीत नाही.

चौघं म्हणजे मी (अंबड एमआयडीसीत क्वालिटीत आहे, म्हणून बांधणी, डिंक, कागद यावर जरा जास्तच बोलणार, सांभाळून घ्या), हा गेमर, मग मास्तर जे ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतात आणि आमच्यात वयाने मोठे, आणि वकिलीणबाई, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाली की गंगापूर रोडला एका टपरीवर आमचा चहा आणि वाद असतो, आणि या सेटने आम्हाला सगळा पावसाळा पुरेल एवढं खाद्य दिलं.

आधी वस्तूबद्दल. कागद पातळ, पिवळसर, मागचं पान पुढे दिसतं. टाइप बारीक, माझ्या आईने हौसेने हॉबिट उघडलं आणि चष्मा लावून पण दहा पानांत मिटलं. शिवण नाहीये, नुसता डिंक लावून पाठ चिकटवलीय, त्यामुळे पुस्तक पूर्ण उघडायला गेलं की पाठीवर पांढरी रेघ पडते आणि तिसऱ्या भागाची तर शेवटची काही पानं सुटी झालीच. आणि नाशिकच्या पावसात कव्हरचं लॅमिनेशन कडेने सुटायला लागतं, पिशवीत ठेवलं तरी. खोका मात्र मस्त, कपाटात उभा छान दिसतो. पण खोका वाचता येत नाही.

नकाशांचं दुःख वेगळं. दोन पानांवर पसरलेला नकाशा आणि बरोब्बर मधला भाग, म्हणजे नेमकी जिथून ही मंडळी डोंगर ओलांडतात ती जागा, पानांच्या मधल्या खाचेत गडप. कुठल्याही साध्या कादंबरीत हे चाललं असतं हो, पण या पुस्तकात नकाशा ही शोभेची गोष्ट नाहीये, टॉल्किनने नकाशा आधी धरला आणि गोष्ट त्याच्यावर बसवली, कोण कुठून निघालं, किती मैल चालून कुठे पोचलं, त्या रात्री चंद्र केवढा होता इथपर्यंत हिशोब ठेवला. पहिल्या आवृत्तीचे नकाशे त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढलेले. तर यावर उपाय असा की नेटवरून चांगला नकाशा डाउनलोड करा, कॉलेज रोडला कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री प्रिंट काढा, घडी घालून पुस्तकात ठेवा. आमच्या गेमरने लॅमिनेट करून आणला, त्यावर आता चहाचे गोल डाग आहेत.

आता हा तीन भागांचा प्रकार. लोकांना वाटतं ही ट्रिलॉजी आहे म्हणजे तीन कादंबऱ्या, पण तसं नाहीये, टॉल्किनने एकच लांबलचक कादंबरी लिहिली, आतून सहा पर्वांची, आणि त्याला ती एकत्रच छापून हवी होती, वर तिच्या जोडीला दंतकथांचं अजून एक बाड पण (ते पुढे १९७७ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी, ख्रिस्तोफरने सिल्मरिलियन म्हणून काढलं). पण युद्धानंतरचं इंग्लंड, कागद महाग, एवढं जाडजूड पुस्तक घेणार कोण, म्हणून प्रकाशकाने तीन तुकडे केले, प्रत्येकी २१ शिलिंग. पहिला जुलै १९५४ ला, दुसरा नोव्हेंबरला आणि तिसरा थेट ऑक्टोबर १९५५ ला. ॲलन अँड अनविनला, म्हणजे या प्रकाशकाला, पैसे बुडणार अशी इतकी धाकधूक होती की त्यांनी लेखकाशी करारच असा केला, खर्च निघेपर्यंत तुम्हाला काही नाही, त्यानंतर नफा निम्मा-निम्मा. वकिलीणबाई हे ऐकून खूश, म्हणाली घाबरलेल्या माणसाने ड्राफ्ट केलेला करार समोरच्याला श्रीमंत करतो, आणि इथे अगदी तसंच झालं.

तर सांगायचं काय, हा बॉक्स सेट म्हणजे १९५४ सालची कागदटंचाई आहे जी आपण अजून विकत घेतोय. एकट्यासाठी घेत असाल तर एका जाड खंडातली हार्डबाउंड घ्या, लेखकाच्या मनातलं पुस्तक तेच आहे, फक्त झोपून वाचता येत नाही, छातीवर पडलं तर लागतं. चार जणांत फिरवायचं असेल तर मात्र खोकाच बरा. आमचं असं ठरलं होतं की ज्याचं वाचून होईल त्याने रविवारी आणून द्यायचं आणि पुढच्याने न्यायचं. छान चाललं होतं, मग गेमरच्या कंपनीत रिलीज आलं आणि टू टॉवर्स त्याच्या बॅगेत अडकलं, आणि त्याच्याआधी माझं वाचून झालेलं म्हणून मी तिसऱ्या भागाकडे डोळे लावून बसले तर तो मास्तरांकडे. दुसऱ्या भागाचा शेवट (स्पॉयलर म्हणू नका, सत्तर वर्षं झाली) असा आहे की नायक फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या हातात सापडलाय, आणि पुस्तक संपतं. बास. मी चिडचिड करत होते तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "अगं, तेव्हाच्या लोकांनी जवळजवळ वर्ष काढलंय असं. आणि का माहितीये का? ह्याची परिशिष्टं तयार नव्हती म्हणून!"

ती परिशिष्टं म्हणजे तिसऱ्या भागाच्या शेवटची शंभरच्या वर पानं. राजांच्या वंशावळी, हजारो वर्षांची सनावळी, कॅलेंडरं, लिप्या, उच्चार कसे करायचे. माझी जी पानं सुटी झाली ती यातलीच, आणि मला आधी वाटलं गेली तर गेली, कोण वाचतंय. पण खरं सांगू का, सगळं वाचून झाल्यावर मी परत परत उघडते ती हीच पानं.

इथे आमचा सगळ्यात मोठा वाद झाला. विषय असा की या पुस्तकाने पुढच्यांना नक्की दिलं काय. गेमरचं म्हणणं सोपं होतं, म्हणाला ताई मी रोज जे खेळतो त्यात लांब कानांचे एल्फ, दाढीवाले कुऱ्हाडवाले ड्वॉर्फ, ऑर्क, झोळी घेतलेला म्हातारा जादूगार, सगळं इथूनच तर आलंय भो. आणि ते खरंच आहे, अमेरिकेत १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग खेळ निघाला त्यात चक्क हॉबिट (टॉल्किनचे बुटके लोक) होते, मग हक्कवाल्यांकडून आक्षेप आला तेव्हा त्यांचं नाव बदलून हाफलिंग केलं. तो खेळ बनवणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्स नंतर कायम म्हणायचा की माझ्यावर टॉल्किनचा फार परिणाम नाही, दुसऱ्याच लेखकांचा आहे. वकिलीणबाईचं यावर मत, की आक्षेप आल्यावर तर प्रत्येक जण हेच म्हणतो. मग त्या खेळातून व्हिडिओ गेम्स, गेम्समधून ॲनिमे, आणि आज सातपूरच्या फ्लॅटमध्ये बसून कुणी पोरगा ऑर्क मारतोय तर त्याला माहीत पण नाही की हे ऑक्सफर्डच्या एका जुनं इंग्रजी शिकवणाऱ्या प्रोफेसरच्या डोक्यातून निघालंय.

पण माझं म्हणणं असं की हे सगळं फर्निचर झालं. उचलून न्यायला सोपं म्हणून सगळ्यांनी नेलं. खरी चीज ती सुटी झालेली पानं आहेत, म्हणजे गोष्ट चालू असताना सतत असं वाटत राहणं की याच्या मागे अजून एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्या मागे अजून. चालता चालता एक पडका बुरूज दिसतो, कुणीतरी म्हणतं इथे एकेकाळी अमका राजा उभा होता, दोन ओळी गाणं म्हणतात आणि पुढे जातात, आणि त्या राजाचं सगळं खरंच कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे. नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पांडवलेणी म्हणतात ती पांडवांची नाहीतच, बौद्ध लेणी आहेत, आत सातवाहन आणि क्षहरातांचे शिलालेख आहेत, पण नंतरच्या लोकांना कुणी कोरलं ते आठवेना तेव्हा एवढं मोठं काम पांडवांनीच केलं असणार असं म्हणून टाकलं. खाली गावात पंचवटी, सीतागुंफा, तपोवनात शूर्पणखेचं नाक, त्र्यंबकच्या वाटेला अंजनेरी म्हणजे हनुमान. आपण लहानपणापासून धरूनच चालतो की पायाखाली कुणाची ना कुणाची गोष्ट आहे. टॉल्किनची तक्रार ही होती की इंग्लंडकडे स्वतःचं असं काही उरलंच नाहीये, ग्रीकांचं आहे, फिनलंडवाल्यांचं आहे, आर्थर राजाचं आहे पण ते त्याला पुरेसं इंग्लिश वाटत नव्हतं. १९५१ मध्ये एका संपादकाला त्याने भलंमोठं पत्र लिहून हे सांगितलंय, की मला माझ्या देशाला अर्पण करता येईल असं पुराण करायचं होतं. म्हणजे जे आपल्याकडे हजारो लोकांनी हजारो वर्षांत केलं ते हा माणूस एकटा, पेपर तपासता तपासता, करायला निघाला.

मास्तर म्हणाले, म्हणूनच आपल्याकडे असं कुणी लिहीत नाही, तयार माल एवढा पडलाय की जो उठतो तो रामायण-महाभारतच पुन्हा सांगतो. मला हे पूर्ण पटत नाही. नाथमाधवांचं वीरधवल होतं की, माझ्या आजोबांच्या पिढीने ते अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलंय, आणि चांदोबाच्या वेताळ कथांवर तर आम्ही सगळेच वाढलो. भूक होती आणि आहे, फक्त पुढे त्याला पोरांचं खाद्य ठरवून बाजूला सारलं, मोठ्या माणसाने वास्तववादीच वाचावं असा एक अलिखित नियम. तिकडे पण समीक्षकांनी नाकं मुरडलीच होती, पण वाचकांनी ऐकलं नाही.

बरं, हॉबिटवर येते कारण खोक्यात ते पण आहे. हे १९३७ चं, लहान मुलांसाठी, हलकंफुलकं. छापायचं की नाही ते ठरवायला प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं आणि रिपोर्ट लिहायचा एक शिलिंग दिला, पोराने पास केलं. (हाच पोरगा मोठा होऊन पुढे मोठ्या पुस्तकाचा (लॉर्ड ऑफ द रिंग्जचा) पण प्रकाशक झाला, म्हणजे तो शिलिंग वसूल.) १५०० प्रती वर्ष संपायच्या आत खपल्या, प्रकाशक म्हणाला दुसरा भाग द्या, आणि तो दुसरा भाग लिहिता लिहिता बारा वर्षं गेली आणि लहान मुलांची गोष्ट राहिलीच नाही.

आता गंमत. मूळ १९३७ च्या हॉबिटमध्ये गॉलम नावाचा गुहेतला प्राणी नायक बिल्बोशी कोड्यांच्या पैजेत हरतो तेव्हा अंगठी द्यायला तयारच असतो, सापडत नाही म्हणून माफी वगैरे मागतो. पुढे मोठ्या पुस्तकात ती अंगठी इतकी भयंकर निघाली की कुणी ती स्वखुशीने देणं शक्यच नाही, मग काय करायचं? टॉल्किनने ते प्रकरणच नव्याने लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत बदललं. आणि जुन्याचं काय, तर ते पुसून टाकण्याऐवजी असं ठरवलं की बिल्बोने आधी खोटं सांगितलं होतं, आणि अंगठीने त्याला खोटं बोलायला लावलं. हे ऐकून वकिलीणबाईने ग्लास खाली ठेवला. म्हणाली साक्षीदाराने जबाब फिरवला आणि फिरवला हाच पुरावा केला, असं मी बघितलेलं नाही कधी. तिचे साडेतीन मार्क आहेत ना, त्यातला एक पूर्ण या एका चलाखीला आहे.

तिने दीड का कापले ते पण लिहिते, कारण तिचं चुकीचं नाहीये. हॉबिटमध्ये एकही बाई बोलत नाही. एकही. बिल्बोच्या आईचं नाव येतं तेवढंच. मोठ्या पुस्तकात गॅलाड्रिएल आहे, एओविन आहे, आणि एओविनचा तो प्रसंग (नाही सांगत) भारी आहे, पण बाकी हजारभर पानं पुरुषच चालतायत. दुसरं म्हणजे शत्रूच्या बाजूने लढायला येतात ते लोक पूर्वेचे आणि दक्षिणेचे, काळेसावळे, हत्ती घेऊन. गेमर म्हणाला म्हणजे हत्तीवाले आपणच की! आम्ही हसलो, पण बोचतं ते. यावर मास्तरांनी टू टॉवर्समधलं एक पान काढून दाखवलं, सॅमच्या (फ्रोडोचा सोबती) समोर त्या दक्षिणेच्या सैन्यातला एक जण मरून पडतो आणि सॅम विचार करतो की याचं नाव काय असेल, हा खरंच वाईट होता की कुणी खोटं सांगून, धाक दाखवून याला घरापासून एवढ्या लांब आणलं. ते पान लिहिणारा माणूस १९१६ मध्ये सॉमच्या खंदकांत होता. शाळेपासूनचे चार जिवलग मित्र, त्यातले दोघं त्याच वर्षी गेले, हा खंदकातल्या तापाने आजारी पडून परत आला म्हणून वाचला. वकिलीणबाई म्हणाली पान चांगलं आहे, पण एकच आहे. साडेतीनचे पावणेचार पण केले नाहीत तिने.

मित्रांवरून आठवलं, हे पुस्तक झालंच मुळी मित्रांमुळे. ऑक्सफर्डला इंकलिंग्ज म्हणून ग्रुप होता, गुरुवारी रात्री सी. एस. लुईसच्या खोलीत जमायचं आणि आपापलं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, मंगळवारी सकाळी ईगल अँड चाइल्ड नावाच्या पबमध्ये गप्पा. टॉल्किन अर्धवट सोडण्यात पटाईत, लुईस मागे लागून लागून पुढचं लिहून घ्यायचा. ग्रुपमध्ये ह्यूगो डायसन म्हणून एक होता त्याला त्या एल्फ लोकांचा इतका वीट आला की शेवटी तो असला की टॉल्किन वाचायचाच नाही. (आमच्यात हा रोल कोण करतं ते लिहिलं तर माझा चहा बंद होईल.) आणि एवढं करून लुईसने स्वतः नार्निया लिहिलं ते टॉल्किनला आवडलं नाही, रोमन पुराणातला फॉन, सांताक्लॉज, बोलणारे प्राणी सगळे एकाच जंगलात, ही काय खिचडी असं त्याचं मत. मला ती खिचडी आवडते. सात पुस्तकं, १९५० ते ५६, घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर टॉल्किनच्या आधी तेच आणा. फक्त एक लक्षात ठेवा, हल्लीच्या सेटवर नंबर गोष्टीतल्या काळाप्रमाणे टाकलेले असतात, त्यामुळे मॅजिशियन्स नेफ्यू एक नंबर दिसतं. ते सहावं आलेलं पुस्तक आहे. सुरुवात कपाटवाल्यापासूनच (द लायन, द विच अँड द वॉर्डरोब) करा, मजा त्या कपाटाच्या आत काय आहे हे माहीत नसण्यात आहे.

मास्तरांचा राग वेगळाच, की ब्रिटिश फँटसी म्हटलं की सगळे टॉल्किनवर येऊन थांबतात. त्याच्या आधी जॉर्ज मॅकडोनल्ड (१८५८ चं फँटॅस्टेस), विल्यम मॉरिस, लॉर्ड डनसेनी, १९२६ मध्ये होप मर्लीस नावाच्या बाईने लिहिलेलं लड-इन-द-मिस्ट, हे सगळं होतं, आणि त्यातल्या कुणाचंच दुसऱ्यासारखं नव्हतं. आणि त्यांचा लाडका मर्विन पीक. टायटस ग्रोन १९४६ चं, म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या आठ वर्षं आधी, एक अवाढव्य पडका किल्ला, आत रोजचे अर्थहीन विधी, आणि जादू अजिबात नाही, एल्फ नाही, नकाशा नाही, शोधयात्रा नाही, तरी यापेक्षा अद्भुत काही वाचलं नाही म्हणाले. मी त्यांच्याकडून घेऊन साठ पानं वाचली, एक माणूस एक जिना चढतो त्यात अख्खं प्रकरण जातं, पण काय चढतो! त्यांचं म्हणणं असं की एक रस्ता एवढा रुंद झाला की बाकीच्या पायवाटांवर गवत वाढलं, नाहीतर आज फँटसी म्हणजे काहीही असू शकलं असतं. यात तथ्य आहे. पण मग टेरी प्रॅचेट कुठून आला, १९८३ पासून एकेचाळीस डिस्कवर्ल्ड कादंबऱ्या त्याच एल्फ-जादूगारांची खिल्ली उडवत, रस्ता रुंद होता म्हणूनच तर त्याला उलटं चालता आलं. आणि डायना विन जोन्स, जिच्या हाऊल्स मूव्हिंग कॅसलवर जपानच्या मियाझाकीने पिक्चर काढला, ती ऑक्सफर्डला टॉल्किनच्याच वर्गात बसलेली, तो फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचा, पोरं कंटाळून जावीत म्हणजे आपल्याला घरी जाऊन लिहिता येईल. मास्तर म्हणाले हे मी पण करून बघितलंय, पोरं जात नाहीत, मोबाईल काढतात.

अजून एक त्यांचं आवडतं, ते सगळ्यांना सांगतात. ब्रिटिश ब्रिटिश म्हणतो पण जन्मदाखले काढले तर टॉल्किन दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफोंटेनचा, लुईस बेलफास्टचा, पीक चीनमधला, आणि आर्थर राजाच्या लहानपणावर सोर्ड इन द स्टोन लिहिणारा टी. एच. व्हाइट? मुंबई, १९०६. कसारा उतरला की आलं. गेमरला टॉल्किनच्या सगळ्या वंशावळी पाठ आहेत पण हे माहीत नव्हतं, तो दिवसभर सगळ्यांना मेसेज करत होता.

वाचायला घेणाऱ्यांसाठी अजून थोडं. फेलोशिपची (म्हणजे पहिल्या भागाची) पहिली शंभर-दीडशे पानं हळू आहेत, वाढदिवस, जेवणं, चालणं, मग टॉम बॉम्बॅडिल म्हणून एक गाणारा गृहस्थ येतो त्याचं काय करायचं ते पिक्चरवाल्यांना पण कळलं नाही, त्यांनी काढूनच टाकला. तिथे सोडू नका. एलरॉन्डच्या सभेचं प्रकरण लांब आहे, सगळे नुसते बोलतात, पण ते नीट वाचलं तर पुढचं सगळं उलगडतं. गाणी पहिल्या वेळी गाळली तरी कुणी मारत नाही (मास्तर सोडून). इंग्रजी जड वाटत असेल तर मराठीतून सुरुवात करायला काही हरकत नाही, मीना किणीकरांनी हॉबिट आणलंय, लॉर्ड ऑफ द रिंग्ज मुग्धा कर्णिकांनी. सावानाचे (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) मेंबर असाल तर घ्यायच्या आधी तिथे एकदा विचारा, १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात असताना सगळंच विकत घ्यायची काय गरज.

आणि फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारी पायरेटेड घेऊ नका. त्यात परिशिष्टं अर्धीच असतात कधी कधी, मी हातात घेऊन बघितलंय. १९६५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने लेखकाला न विचारताच स्वस्तातली पेपरबॅक काढली होती, कायद्यातली पळवाट बघून, तेव्हा टॉल्किनने तिकडच्या वाचकांना पत्रातून कळवलं की ही माझी नाही, आणि वाचकांनी एवढा दंगा केला की कंपनीला पैसे द्यावे लागले. गंमत म्हणजे त्या स्वस्त पेपरबॅकच्या भांडणामुळेच पुस्तक तिकडच्या कॉलेजच्या पोरांत पोचलं.

आमचा खोका सध्या वकिलीणबाईकडे आहे, ती दुसऱ्यांदा वाचतेय, साडेतीन मार्क देऊन. सुट्या पानांना मी फेव्हिकॉलचा पातळ हात मारून, वर विटा ठेवून रात्रभर दाबून ठेवलं, बसलीत नीट. तुमची सुटली तर सेलोटेप लावू नका, दोन वर्षांत पिवळी पडून कागद खाते.